शेगडीचा पाय

आमच्या सुरेखासोबत खरेदी म्हणजे काय असतं, सांगतो. गच्चीवर पाहुण्यांसाठी बार्बेक्यूची शेगडी घ्यायला आम्ही दोघं गेलो. दुकानदार सगळं मलाच समजावत होता. बायकोला म्हणाला, "वहिनी, तुम्ही फक्त रंग पसंत करा."

सुरेखा वाळूजला कारखान्यात वेल्डर आहे. तिनं शेगडी उलटी केली. "भाऊ, पायाचा जोड कच्चा हाय. निखारे लेकरांच्या अंगावर पडतील."

"नाय हो, लई मजबूत माल हाय," म्हणत त्यानं पाय ओढून दाखवला. पाय त्याच्या हातातच आला.

मग तिनं एकेक जोड तपासून दुसरी शेगडी निवडली. शेजारचं गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, आमची पण बघून द्या ना."

दुकानदारानं हळूच मला विचारलं, "साहेब, तुम्ही काय करता?"

मी छाती फुगवून म्हणालो, "मी ह्यांचा नवरा!"