ओसाकाला साठ भाकरी

तुळजाराम कमलनगरच्या बाजारात असताना त्याची बायको रेणुकाबाई वारल्याचं त्याला कळलं. दुसऱ्याच दिवशी दोघं गाणगापूरला निघणार होती. त्याला आता तीन आठवडे झाले. आज तो बीदरच्या मोटारअड्ड्यावर एकटाच बसला होता. शेजारी तेलगिरणीचा एक मिस्त्री आणि त्याची बायको बोलत होती.

“ओसाका म्हंजे किती मोठं गाव वो?”

“हैदराबादहून मोठं म्हणं. मालक म्हणले, जपानात जा, तेलाचं यंत्र चार दिस चालवून बघ आन् ये.”

“आन् एकलेच जायलाव. बोलाल कुणासंगं?”

“यंत्रासंगं. त्याची भाषा येती मला.”

“थट्टा नका करू. खाल काय? तिथं नुसते मासे खातात म्हणं.”

“तू साठ कडक भाकरी बांधल्यास की. चार दिसाला साठ.”

“इमान चुकलं तर?”

“अगं, इमान चुकलं तर मी मुंबईतच असंन.”

तुळजारामला राहवलं नाही.

“अक्का, कडक भाकरी किती दिस टिकती?”

“कोरडी ठिवली तर महिनाभर. तुमी बी लांब जायलाव का, अण्णा?”

“न्हाई. गाणगापूरला.”

“इतक्या जवळ? मग भाकरी कामून?”

“मंडळीनं करून ठिवल्यात.”

“मग घिऊन जावा की. तिला बी न्या संगं.”

“व्हय,” तुळजाराम म्हणाला.

गाणगापूरकडची मोटार आली आणि गेली; तुळजाराम चढला नाही. रेणुकाबाईनं त्या वाटेसाठी केलेल्या भाकरी घरी फडक्यात तशाच बांधलेल्या होत्या. गाणगापूरला जायचं राहिलं होतं.