तळातली फट

न्हाई न्हाई दादा, सव्वाचारच. दुपारचे सव्वाचार — मला पक्कं ठाऊक हाय, कारण आमच्या गल्लीत नळ सव्वाचारला येतो आन् मी घागर लावून उभीच होते, तवा ही बोट आली. गोव्याकडनं, ट्रेलरवर. वळताना ट्रेलरनं नळाची तोटीच उडवली, अख्ख्या गल्लीचं पाणी रस्त्यावर! शेजारच्या नीलाबाई कमरेवर हात ठेवून म्हणल्या, "काय गं, समुद्र बी सोबतच आणला का तुझ्या नवऱ्यानं?" तिथून सगळं सुरू झालं बघा. तवा आम्ही त्या समोरच्या पिवळ्या खोलीत राहायचो — राहतो. आजबी तिथंच राहतो. बसा की. अलीकडं सरका, तिकडं ऊन लागंल. सावली ना? ते शीडच हाय बोटीचं, उन्हाळ्याचं वर बांधलंय. फाटलं न्हाई कुठं, बघा हात लावून. पिवळे डाग पडलेत तेवढे — नीलाबाईंनी हळद वाळवली त्याच्यावर, मी नको नको म्हणत होते, पण शेजार हाय, तोडता येतो का? धुऊन देते मी.

हे आज उमरीला गेलेत भाडं घेऊन, टेम्पोचं. मला म्हणले, बोट विकत घ्यायला येणारे दादा उजनीच्या धरणावर बोटी चालवतात, त्यांना सगळं कळतं, तू फक्त दाखव, जास्त बोलू नको. आता मी कुठं जास्त बोलायले? माझं शिक्षण सातवीपर्यंत, ह्या सामानाची इंग्रजी नावं मला येत न्हाईत, पण ती आडवी ठेवलेली डोलकाठी, हे सुकाणू, सगळं हाय जागच्या जागी. ह्यांचा इरादा लई मोठा होता. गोदावरीच्या धरणात फेऱ्या मारायच्या, लोकांचे वाढदिवस बोटीतच करायचे, आत दोघं झोपतील एवढी केबिन, रात्रीचा मुक्काम बी करतील म्हणले पुण्याची लोकं. परवानगीचं काही जमलं न्हाई. मग पाणी खाली गेलं. मग पाणी आलं तर आमच्यातच दम राहिला न्हाई. उभी हाय मग इथं. गल्लीतली पोरं मला जहाजवाली म्हणतात. नीलाबाई सकाळी दिसल्या की, "काय गं, आज कुठल्या बंदराला लागलीस?" मी हसते. हसायचंच, काय करणार?

आत? आत काय बघता, सामान हाय थोडं. बरं, या. डोकं सांभाळा — तिथं लागतं, मला रोज लागतं, रात्री उठलं की हमखास — म्हणजे, सामान काढायला आलं की. ही अक्षरा, माझी लेक. ऊन लई म्हणून आणून निजवली इथं. शूऽऽ, उठू नको गं, काका बोट बघायलेत. ते डबे? पापडाचे. ती महादेवाची पिंड ना, तसबीर, ती... बोटीला देव नको का? गोव्याच्या लोकांनी सुद्धा ठेवला असंल. आन् ते कुंकवाचं — दादा, असं बघू नका हो माझ्याकडं.

राहतो. हाव, राहतो आम्ही हितं. खोली सुटली दिवाळीला. आता विचारलंच न्हाई तुम्ही, पण डोळे विचारायलेत तुमचे. चाकूरला माझे सासरे हायत, गुरुपादप्पा, किराणा दुकान हाय त्यांचं, लई इज्जतीची माणसं. त्यांना ठाऊक न्हाई. मोबाईलवर तोंड बघून बोलतात ना आत्याबाई, माझ्या सासूबाई, तवा मी ह्या कोपऱ्यात बसते, मागं नुसतं लाकूड दिसतं. "भिंतीला लाकूड लावलंस काय गं?" म्हणल्या. मी म्हणलं, हाव, फर्निचर केलंय ह्यांनी. "आन् ही गोल खिडकी कसली?" म्हणलं, आता फॅशन हाय तशी. लई खूष झाल्या. अख्ख्या चाकूरला सांगितलं त्यांनी, आमच्या संगमेशनं नांदेडला फर्निचरचं घर घेतलं. आता सोमवारी यायलेत दोघं. अक्षराचं जावळ काढायचं, माझा भाऊ मांडीवर घेणार, आन् मामंजी म्हणले, आधी लेकाचं घर डोळ्यानं बघू. काय दाखवू त्यांना? शिडी लावून आत चढवू काय मामंजीला, धोतर सावरत? एक खोली बघून ठेवलीय बघा, मागच्या गल्लीत, दाराला कुलूप लागतं, पुढं तुळस ठेवायला ओटा हाय. आज तुम्ही बोट नेली की उद्याच्या उद्या आम्ही तिकडं. म्हणून म्हणते, बघा, पण लवकर बघा, जास्त आत —

ती दोरी नका ओढू! दादा, ती पाळण्याची — न्हाई, ती बोटीचीच हाय, मला ठाऊक हाय, तळात लोखंडी पाटी हाय ना, दोरी ओढली की वर, सोडली की खाली पाण्यात, तिच्याशिवाय बोट वाऱ्यानं आडवी होते, सगळं सांगितलंय ह्यांनी मला. पण जाम झालीय. गंज धरला असंल. तेल सोडू आपण, खोबऱ्याचं हाय — चटई राहू द्या. पोरगी उठंल. दादा, चटई राहू द्या की हो...

ती फरशी हाय. शहाबादी.

असं काय बघता? तळात फट होती, ती पाटी वरखाली सरकायची, खाली जमीन दिसायची आरपार. पाण्यात असंल तर तिथून पाणी येत असंल, जमिनीवर काय येतं सांगा? एका सकाळी अक्षराच्या उशीजवळ विंचू, नांगी वर करून. ही हात पुढं करायलेली, खेळणं म्हणून. मी चपलेनं... हे भाड्यावर. समोर नीलाबाईंचा ओटा बांधायला दगडोबा गवंडी आलता, त्याला म्हणलं, मामा, एक घमेलं सिमेंटचा माल द्या, एवढी फट बुजवा. त्यानं विचारलं बी, "पोरी, ही बोट हाय न्हवं?" मी म्हणलं, मामा, घर हाय. वरून फरशीचा तुकडा बसवला त्यानं, मायेनं, पॉलिश करून. अक्षरा लोळते त्याच्यावर, थंड लागतं तिला.

ह्यांना ठाऊक न्हाई. चटई असते ना. ह्यांना वाटतं पाटी हाय, दोरी हाय, बोट हाय. कधीतरी पाण्यात जाईल.

फोडून निघंल की. छिन्नी घेऊन हळूहळू... तळ तडकंल? एवढा पातळ असतो व्हय तळ? अगदी निघायचंच न्हाई?

बरं.

बरं दादा. उतरा सावकाश, ती दुसरी पायरी हलते. चहा तरी... न्हाई, बरोबर हाय, लांब जायचंय तुम्हाला. ह्यांना फोन करू नका तेवढा. मी सांगते रात्री, मीच सांगते. शूऽऽ, अक्षरा, रडू नको गं, गेले काका.

दादा! एक ऐका. तिकडं तुमच्या वळखीत कुणी असंल — पाण्यावर न्यायची नसंल, नुसतं राहायला पाहिजे असंल कुणाला, लहान लेकरू असंल पदरात — त्याला सांगा, नांदेडला एक हाय म्हणून. सोमवारच्या आत सांगा. आन् हेबी सांगा, आत विंचू येत न्हाई.