टाकीवरून दिसलेलं मतदान

माझा जन्म जबलपूरचाच. बाप भंडाऱ्याकडून इथं कारखान्यात आला, मी आयटीआय करून फिटर झालो, अन् मंग आफ्रिकेत एका साखर कारखान्यात कॉन्ट्रॅक्टवर गेलो. देशाचं नाव नाही सांगत, बाईचे पोरं अजून तिथंच आहेत. बाई म्हणजे तिथलीच, आमच्या शेजारची, शाळेतली मास्तरीण. माझ्या बायकोले मलेरिया झाला तं आठ दिवस तिनंच पेज करून पाजली, असं माणूस.

तिथं पार्टी एकच, दुसरी काढली की जेल. पण खासदारकीले त्याच पार्टीचे दोघं उभे राहत. त्या साली एक मंत्री अन् एक आमची बाई. काय सांगू तुम्हाले, चिठ्ठी नाही, पेटी नाही, शाळेच्या मैदानात ज्याले मत द्यायचं त्याच्या फोटोमागं जाऊन उभं राहायचं, सगळ्यांदेखत! मी त्या दिवशी कारखान्याच्या टाकीवर चढून पाईप बसवून राहिलो होतो, खालचं सगळं साफ दिसून राहिलं होतं. बाईची लाईन फाटकाबाहेर, पार उसाच्या रस्त्यापर्यंत, अन् मंत्र्याच्या मागं पंधरा-वीस टाळके. अन् मतदानाचा अफसर भोंग्यावर सांगते, मंत्रीजी जिंकले. अरे, डोळे फुटले होते काय तुझे!

बाईनं तक्रार केली. अच्छा, गवाह कोण? लाईनीतल्यांचे तोंडं सगळ्यांनी पाहिलेले, नोकऱ्या जातीन म्हणून ते गप. मंग बाई माझ्याकडं आली, म्हणे ब्रदर, तुम्ही बाहेरचे, तुम्ही वरून पाहिलं, एवढ्या कागदावर सही करा. मॅनेजर आधीच बोलून गेला होता, आपण पाहुणे आहो, सही केली तं सामान बांधा. बायकोचे दिवस भरत आलेले. मी बाईले म्हटलं, मले वरून नीट दिसलं नाही.

तिनं कागदाची घडी केली अन् गेली. महिन्याभरात तिची नोकरी गेली.

आता इथं इलेक्शन आलं की पोरगा म्हणते, बाबा, चलो, बटन दाबून येऊ. जातो मी, पण डोकं तापवूनच जातो. त्या मंत्र्याचा राग येते, त्या अफसराचा येते, अन् सगळ्यात जास्त माझाच येते. बायको म्हणते, काहून जुनं उकरून राहिले, बाई तं वारली. वारली म्हणून काय झालं? तुम्ही हे माझं बोलणं लिहून राहिले ना, तं लिहा. लाईन बाईचीच मोठी होती, मी पाहिली. द्या तो पेन इकडं, खाली सही करतो.