शून्य रुपयांच्या नोंदी

(भिंगारमधलं घर, उपासाची दुपार. चांगुणाबाईंच्या मोबाईलमधलं खर्चाचं ॲप महिनाअखेर बंद होणार आहे. भाची पंकजा सगळ्या नोंदी नव्या ॲपमध्ये हलवते आहे.)

पंकजा : किराणा आला, गॅस आला, दवाखाना आला. पण एवढं येत नाहीये, आत्या. शून्य रुपयांची नोंद नवीन ॲप घेतच नाही. म्हणतंय, पैसा गेला नाही तो खर्च कसला?

आत्या : त्याचं बरोबर हाय. पण ते माझं नेमाचं हाय गं. कुणाकडनं काही आलं, की दिवा लावल्यावर लिहायचं. आयतं खाऊन इसरायचं न्हाई.

पंकजा : 'विजयमाला, शेपूची जुडी.' 'विजयमाला, ताक.' 'विजयमाला, पायरीवर ऊन खात बसलो.' हे पण?

आत्या : ते बी तिनंच दिलं. मी उठत हुते, तर हात धरून बसवलं. म्हनली, चांगुणा, भांडी काय पळून जात्यात?

पंकजा : सगळ्या तिच्याच नोंदी आहेत की.

आत्या : भिंतीला भिंत हुती आमची. आता तिकडं कुलूप हाय. तरी दुपारचं ऊन कलंडलं ना, की पलीकडं ताकात रवी फिरल्यावानी वाटतं. मी दार उघडत न्हाई. उघडलं की थांबतं ते.

पंकजा : (यादी पुन्हा खालीवर सरकवत) यातली एकही नोंद गेली नाही गं.

आत्या : म्हंजी नव्यात ती कुठंच न्हाई?

पंकजा : एक करता येईल. प्रत्येक नोंदीला रुपया लावते. मग सगळ्या जातील.

आत्या : नको बाई. रुपया लावला की इकत घेतल्यावानी हुईल. तिला कळलं तर बोलायची न्हाई माझ्याशी.

पंकजा : आता कशी बोलेल, आत्या?

आत्या : सपनात येती की. तिथं तोंड फिरवंल.

पंकजा : अवघड बाई होती मग.

आत्या : लई. तू वाच एकेक. मी डोळे मिटून ऐकते.

पंकजा : 'विजयमाला, जाईची फुलं.' 'विजयमाला, तापात उशाशी बसली.' 'विजयमाला, पुन्हा फुलं.' ...झोपलीस?

आत्या : न्हाई. वास घेत हुते.

पंकजा : झालं वाचून. आता हे विचारतंय, सुरुवातीला शिल्लक किती. ती मी बँकेतली टाकली. खाली रकाना आहे, ही शिल्लक कुठून आली?

आत्या : काय लिहित्यात लोकं?

पंकजा : पगार, पेन्शन, भाडं. तुझी पेन्शनच ना?

आत्या : पेन्शन कवाच सरली असती, पोरी. लिही, विजयमालाकडून.