साखळीची बाजू

(इंडियानातल्या एका लहान गावाबाहेर मर्ल हॉस्टेटलरचं गॅरेज, शनिवारची दुपार. मर्ल, त्याची बायको वांडा, आणि ट्रक आडवा लावून आलेल्या नोरीनबाई.)

नोरीन : …आणि रँडीला ती देऊन टाकायचा काडीचाही अधिकार नव्हता. सायकल माझी होती.

मर्ल : तुमची होती, तर तिच्यावर कोंबड्या का बसत होत्या? तुमचा भाऊ कोठार रिकामं करत होता, बाई. ती भंगारात निघाली होती. मी त्याचं गवत कापायचं मशीन दुरुस्त करून दिलं, त्यानं स्वतःच्या हातानं ती माझ्या ट्रकमध्ये चढवली. याला चोरी म्हणत नाहीत. सुटका म्हणतात.

वांडा : आमच्याकडे सगळ्यालाच सुटका म्हणतात. एकवीस जणी सुटून आल्यात. बघा, छताला उलट्या टांगल्यात.

मर्ल : वांडा, तू आत जा.

वांडा : आत कुठे जाऊ? जेवणाच्या टेबलावर तुझी हँडलं आहेत.

नोरीन : मला तुमच्या घरच्या भानगडीत पडायचं नाही. माझी सायकल दाखवा, मी निघते.

मर्ल : तुमच्या समोरच उभी आहे.

नोरीन : ही? ही नाही.

मर्ल : हीच.

नोरीन : मिस्टर हॉस्टेटलर, मी त्रेसष्ट वर्षांची आहे, आंधळी नाही. माझी सायकल हिरवी होती. ही लाल आहे. कुठे लपवलीत?

मर्ल : हे! हेच ऐकायला मी चार महिने थांबलो होतो! वांडा, ऐकलंस? खुद्द मालकीणबाईंनी ओळखली नाही!

वांडा : ऐकलं. आनंद झालेल्या बाईचा चेहरा असा नसतो, मर्ल.

मर्ल : तो हिरवा रंग कारखान्याचा नव्हताच, बाई. कुणीतरी घराच्या खिडक्यांना लावायचा रंग थापला होता. जाड ब्रशनं. ओघळ सुकलेले, रंगात ब्रशचे केस अडकलेले. एकोणीसशे पन्नासची सायकल, टाकीसकट! या टाकीत पेट्रोल नसतं, नुसता भोंगा असतो, पण ती शाबूत मिळणं म्हणजे काय, ते या धंद्यातल्या माणसाला विचारा. आणि तिच्यावर कुणा गाढवानं…

नोरीन : पुढे बोला.

मर्ल : …मी तो सगळा काढला. सँडपेपर न घासता, हं! कागदानं खालचा रंगही जातो. आधी ओव्हन साफ करायचा फवारा, मग कापसाचे बोळे. नखाएवढा तुकडा घ्यायचा, पुसायचा, थांबायचं.

वांडा : माझ्या ओव्हनला त्या फवाऱ्याचं दर्शन सहा वर्षांत झालेलं नाही.

मर्ल : आणि खाली काय निघालं, बघा तरी! या पांढऱ्या रेघा. कारखान्यातल्या माणसानं हातानं ओढलेल्या. इथे वाका जरा. दिसलं? इथे रेघ किंचित हलली आहे. बाई, सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी कुणा माणसाचा हात इथे थरथरला, तो थरथरलेला हात अजून इथे आहे! रंग पुन्हा मारता येतो, पण असा हात पुन्हा आणता येतो का?

नोरीन : नाही. नाही आणता येत.

मर्ल : मग! पटलं ना?

नोरीन : तो गाढव माझा भाऊ होता.

मर्ल : रँडी?

नोरीन : रँडी तेव्हा पाळण्यात होता. कर्टिस. मोठा. वडिलांनी लिलावातून ही लाल सायकल आणली, आणि मी रडून घर डोक्यावर घेतलं, कारण मला हिरवीच हवी होती. मी नऊ वर्षांची, तो चौदाचा. खिडक्यांचा रंग डब्यात उरला होता. त्यानं एका दुपारी अख्खी सायकल रंगवली. चाकांच्या तारासुद्धा.

मर्ल : तारांना मला तीन आठवडे लागले.

वांडा : मर्ल.

नोरीन : पुढच्या उन्हाळ्यात तो पोरांबरोबर दगडाच्या खाणीत पोहायला गेला. जुनी खाण, पाण्यानं भरलेली. त्यानंतर ती सायकल कुणी चालवली नाही. वडिलांनी कोठारात नेऊन उभी केली, आणि आईनं वर गोणपाट टाकलं. कोंबड्या गोणपाटावर बसत, मिस्टर हॉस्टेटलर.

वांडा : अरे देवा.

मर्ल : हे रँडीनं सांगायला हवं होतं.

नोरीन : त्याला कर्टिस भिंतीवरच्या फोटोतच माहीत. तुम्ही विचारायला हवं होतं. सुटका करायच्या आधी माणूस विचारतो, आत कोण आहे.

मर्ल : मी वाईट काही केलं नाही. या छंदातला कुणीही हेच…

नोरीन : सीटखालच्या दांड्यावर एक ठसा होता. रंग वाळला का बघायला त्यानं अंगठा टेकवला होता. मी दुसऱ्या दिवशी भांडले त्यावरून, पुन्हा रंगव म्हणाले. त्याला कंटाळा आला. तेवढ्यासाठी आले मी. सायकल तुम्हीच ठेवा म्हणणार होते. तेवढं एकदा बघू द्या म्हणणार होते.

वांडा : मर्ल, बोल काहीतरी.

मर्ल : होता.

नोरीन : तुम्ही पाहिलात?

मर्ल : तिथे रंग जाड होता, कडेला गोळा झालेला. दोन दिवस लागले. मला वाटलं, कुणा वेंधळ्यानं ओल्या रंगाला हात लावला.

वांडा : फोटो! बाई, याच्याकडे फोटो आहेत. सुरू करायच्या आधी सगळ्या बाजूंनी काढतो. सहाशे तरी असतील. आमच्या मुलीच्या लग्नाचे चाळीस आहेत. दाखव त्यांना!

मर्ल : थांब… हा कोठारातला. हा ट्रकमध्ये. हे इथले.

नोरीन : ठसा डाव्या बाजूला होता. चढताना पाय जायचा तिथे.

मर्ल : हा… हा नाही. हाही नाही.

वांडा : काय झालं?

मर्ल : साखळी उजवीकडे असते.

वांडा : मग?

मर्ल : सायकलचा फोटो साखळीच्या बाजूनंच काढायचा असतो. सगळे तसाच काढतात. दुसऱ्या बाजूनं काढला तर लोक हसतात.

वांडा : सहाशेत एकही नाही?

मर्ल : हिरवी असतानाचा नाही.

नोरीन : बरं. माझी पर्स द्या हो जरा, त्या खुर्चीवर आहे.

वांडा : बसा ना, बाई. कॉफी टाकते. टेबल रिकामं करते.

मर्ल : सायकल घेऊन जा तुम्ही. मी स्वतः ट्रकमध्ये चढवून देतो. टाकीसकट.

नोरीन : कशाला? आल्या आल्याच म्हटलं ना, ही माझी नाही.

मर्ल : बाई… तो अंगठा. डावा होता की उजवा?

नोरीन : दोन दिवस तुम्हीच होतात त्याच्यापाशी. तुम्ही सांगा.