भट्टीत वाळवलेली टेकडी

स्तानिया : आधी बसा. मग सांगते.

वितोमिर : बसतो कशाला? ईझल अंगणात आहे, स्टूल आहे, फक्त चित्र नाही. वाऱ्यानं नेलं का?

स्तानिया : वारा कुठाय आज.

वितोमिर : मग तुमच्या बकरीनं खाल्लं. परवा माझा हिरवा रंग चाटला तिनं.

स्तानिया : तिचं नाव नको. बिचारीची जीभ अजून हिरवी आहे. चित्र भट्टीत आहे.

वितोमिर : कुठं?

स्तानिया : आलुबुखारे वाळवायच्या भट्टीत. वरून दुसऱ्या जाळीवर, पहाटेपासून. जाळ मंद आहे, काळजी नको. बावीस वर्षं वाळवतेय, एक फळ करपलं नाही माझं.

वितोमिर : स्तानियाबाई, तेलरंग म्हणजे आलुबुखारा नव्हे.

स्तानिया : ओलं ते ओलंच. चला, काढू.

(दोघं भट्टीचं दार उघडून जाळी बाहेर ओढतात.)

स्तानिया : बोला काहीतरी.

वितोमिर : आभाळ कुठं गेलं?

स्तानिया : आहे की. जरासं तपकिरी झालंय.

वितोमिर : टेकडीला फोड आलेत.

स्तानिया : गार झाल्यावर बसतील. पावाचे बसतात.

वितोमिर : आणि नदीत हे काय?

स्तानिया : वरच्या जाळीतून पडलेला दिसतोय एक. थांबा, काढते… नाही, पक्का चिकटलाय.

रादोये : काय मंडळी, चित्रकार आहेत का घरात? अजून वाळलं नाही म्हणू नका. शिबिराचे बाकीचे अकरा चित्रकार चित्रं देऊन गेल्याला तीन आठवडे झाले.

स्तानिया : या सरपंच. वाळलंय.

रादोये : मग लावू द्या बोट. नियम म्हणजे नियम. बोट कोरडं निघालं तर चित्र गावाचं, चित्रकाराला निरोपाला राकिया दारूची बाटली आणि बसचं तिकीट. पहिल्या वर्षी कुणाचं तरी ओलं घेतलं, तर माझ्या पांढऱ्या कोटावर अख्खं चर्च उमटलं, घंटेसकट… हं. ठणठणीत कोरडं.

वितोमिर : रादोये, हे चित्र बिघडलंय.

रादोये : बिघडलंय? अहो, तुमच्या आधीच्या आठ वर्षांच्या आठ टेकड्या आम्ही कचेरीच्या संडासाच्या बोळात टांगल्यात. खरं सांगतो, राग नका मानू. कारण काय, तर बाहेर पाहिलं तरी तीच टेकडी, आत पाहिलं तरी तीच. ही मात्र दर्शनी भिंतीवर. काय तो धूर, काय ते फोड. आणि नदीत हे काळं?

स्तानिया : आलुबुखारा.

रादोये : छाती लागते बुवा. हे तिकीट, उद्या सकाळी सहाची बेलग्रेडची बस. ही राकिया. आणि हे मी घेऊन जातो, वासही छान येतोय.

वितोमिर : गेला.

स्तानिया : झालं ना मनासारखं? मग तोंड का पडलंय?

वितोमिर : कुणाच्या मनासारखं?

स्तानिया : तुमच्या. रोज संध्याकाळी त्या चित्राला बोट लावायचात आणि उसासा टाकायचात. खिडकीतून दिसतं मला. म्हटलं, माणूस कंटाळलाय, घरची ओढ लागलीय आणि मेलं चित्र वाळत नाही. म्हणून ठेवलं भट्टीत. मला काय हौस होती?

वितोमिर : वाळत आलं, म्हणून उसासा टाकायचो.

स्तानिया : म्हणजे?

वितोमिर : रंगात लवंगेचं तेल घातलं की रंग लवकर वाळत नाही. पहिल्या वर्षी सहज दोन थेंब घातले, तर इथं चार दिवस जास्त मिळाले. दुसऱ्या वर्षी चार घातले. यंदा बाटलीच संपली.

स्तानिया : तो वास त्याचा होय?

वितोमिर : हो.

स्तानिया : अहो, मला वाटलं तुमची दाढ दुखते. आमचे मिलिसाव होते ना, दाढ सुजून टम्म झाली तरी मरेपर्यंत बोलले नाहीत. म्हटलं, हेही तसलेच. नऊ वर्षं पाव दुधात कुस्करून देतेय तुम्हाला. मटण वाटून शिजवतेय. चावावा लागतो म्हणून अक्रोड घरात फोडला नाही मी.

वितोमिर : मला वाटलं, तुमच्याकडं असंच जेवतात.

स्तानिया : आणि मुकाट गिळलंत?

वितोमिर : दुसऱ्यांदा वाढून घेतलं की.

स्तानिया : सांगायला काय झालं होतं?

वितोमिर : दाढेचं?

स्तानिया : दुसरं.

वितोमिर : राहू का, असं विचारलं असतं, तर तुम्ही नको म्हणाला असतात. चित्र ओलं आहे म्हटल्यावर कोण नको म्हणतं?

स्तानिया : सहाची बस ना?

वितोमिर : सहाची.

स्तानिया : खोली मी दिली, पाव मी कुस्करला. टेकड्या मात्र सगळ्या रादोयेनं नेल्या. माझ्या भिंतीवर काय आहे? कॅलेंडर. तेही खतवाल्याचं.

वितोमिर : तुम्ही कधी मागितलं नाहीत.

स्तानिया : आता मागते. या घराचं काढा. नऊ वर्षं त्याच्याकडं पाठ करून बसलात.

वितोमिर : घराला वेळ लागतो. खिडक्याच सात आहेत. आणि तेल संपलंय.

स्तानिया : फळीवर लवंगांची बरणी आहे, भरलेली. तेल कसं काढतात ते तुमचं तुम्ही बघा. कुटायला तिथं खलबत्ता आहे.

वितोमिर : आत्ता कुटू?

स्तानिया : आधी हे अक्रोड खा. मग सावकाश कुटा.