चार पट्ट्या खाली

—या तुझ्या सॉफ्टवेअरला पैसे एकदाच भरायचे? दर महिन्याला नाही ना? बघ, मग हे बरं आहे. भोचकपणा करतेय असं वाटेल तुला, पण गेला महिनाभर मी हेच करतेय गं—भाचीने तिचा जुना लॅपटॉप दिलाय, त्यावर एक सॉफ्टवेअर टाकायचं, दोन दिवस डोळे फोडायचे आणि तिसऱ्या दिवशी कळायचं की हे काही आपलं नाही. पहिलं फुकट होतं. म्हटलं, वा! एक अख्खं गाणं भरलं त्यात—बासरी, गिटार, ड्रम, सगळं एकेका बोटाने—आणि सेव्ह करायला गेले तर म्हणे आधी विकत घ्या. म्हणजे पानावर बसवायचं आणि घास तोंडाशी आला की ताट ओढायचं! दुसऱ्याला सारखं इंटरनेट हवं. कार्यक्रम लागले की आम्ही गाडीत, आज या गावाला, उद्या त्या गावाला, मांडीवर लॅपटॉप आणि पायाशी साउंडवाल्याच्या वायरी—तिथे कुठलं नेट? तिसऱ्याला दर महिन्याला पैसे. आमचे कार्यक्रम कुठे दर महिन्याला असतात? आणि चौथ्यात आठच वाद्यं फुकट. आमच्या गाण्यांना बारा लागतात. कुठली चार गाळू? —बस ना, उभी का? ती खुर्ची नको, तिचा पाय लुळा आहे. ही घे.

माझ्या जागी आलीस म्हणून मनात काही ठेवून बोलत नाहीये हं मी. शाळेत गाणं शिकवतेस ना? चांगलं आहे. मी सव्वीस वर्षं वाजवलं ह्यांच्या मागे. ह्यांना सगळे बुलबुल म्हणतात, तुला ठाऊकच असेल, बाहेर फलकावर पण तेच लिहिलंय. आधी आम्ही सहा जण होतो. मग ड्रमवाला विमा विकायला लागला, बासरीवाले वारले, गिटारवाला मुलीकडे जाऊन राहिला—एकेक जण गेला तसं त्याचं वाद्य मी कीबोर्डमध्ये भरत गेले. शेवटी आम्ही दोघंच उरलो आणि कीबोर्डचा एक पेटारा. तो पेटारा ह्यांना जड व्हायला लागला. 'जग लॅपटॉपवर गेलं आणि तू अजून ट्रंक घेऊन हिंडतेस!' म्हणून शिकायला बसले, पण या वयात—जाऊ दे. तेवढ्यात तुझं नाव निघालं.

मला एकच विचारायचं होतं. भाचीकडून माझ्या कीबोर्डमधली गाणी पाठवली होती तुला, ती उघडलीस ना? कुठल्या पट्टीत उघडली? —काळी दोन. सगळीच्या सगळी? हं. वाटलंच होतं मला. आणि ह्यांनीही तेच सांगितलं असेल, 'आपली पट्टी काळी दोन, चाळीस वर्षांत बदलली नाही.' सगळ्यांना सांगतात. परवा एका गाणाऱ्या मुलाला तर चारचौघांत झापलं, 'तुमच्या वयात पट्टी उतरवता? लाज वाटत नाही?' —थांब, ते बाहेर माइक तपासतायत, 'हॅलो हॅलो' ऐकू येतंय तोवर वेळ आहे. ऐक. आज चार पट्ट्या खाली घे. खालची पांढरी सात. सगळी गाणी.

असं बघू नकोस गं. हवामान—नाही, हवामान कुठलं, खोटं कशाला बोलू? त्यांचा आवाज तिथे जात नाही. तीन वर्षं झाली. गळ्याचं ऑपरेशन झालं, गाठ निघाली, गाठ साधी होती, पण वरचे सूर तिच्याबरोबर गेले. डॉक्टर म्हणाले, बोलता येतंय ना, मग झालं तर! घरी आल्यावर पहिल्यांदा गायला बसले आणि वर आवाज फाटला—टरकन, जुनं धोतर फाटावं तसा. परत लावला, परत फाटला. मग हा माणूस भिंतीकडे तोंड करून जो झोपला तो दोन दिवस उठला नाही. चहा नाही, पाणी नाही. 'गाणं गेल्यावर मी काय भाजी आणायला जगू?' असं भिंतीला विचारायचे. मला नाही, भिंतीला. तिसऱ्या दिवशी मी काय केलं? कीबोर्डला एक बटण असतं—बोटं त्याच पट्ट्यांवर, आवाज मात्र एकेक पट्टी खाली. दोनदा दाबलं आणि म्हटलं, उठा हो, एकदा बघा तरी. उठले. गायले. लागला वरचा सूर! अगं, रडले माझ्या खांद्यावर डोकं ठेवून—'आला, परत आला.' आता तूच सांग, त्या वेळी कुठली बायको म्हणेल, की तो आला नाही, मी खाली आणला?

कळलं कसं नाही? ते काही पेटी-बिटी शिकलेले नाहीत, मी सूर द्यायचा आणि त्यांनी लावायचा, असंच चाललंय पहिल्यापासून. माझी बोटं त्यांना दिसायची ती काळी दोनवरच. पुढच्या वर्षी तीन केलं, मग चार. कधीतरी मान वाकडी करून ऐकायचे आणि म्हणायचे, 'आज स्पीकर मंद आहे.' कळलं असेल की कळून घ्यायचं नसेल, देव जाणे. म्हणून तर मी सॉफ्टवेअर शोधत होते गं, हौस नाही मला! आवाज रेकॉर्ड करून खाली ओढला तर सगळं म्हशीसारखं हंबरतं, लगेच कळतं. सूर लिहून ठेवणारं पाहिजे, तुझ्यासारखं—आकडा बदलला की झालं. आणि ड्रमला हात लावू नकोस हं, ते वेगळं ठेव, त्यात पट्टीगणिक वाद्य बदलतं. मी अडाण्यासारखं सगळंच चार खाली आणलं, तर थापेच्या जागी टाळ्या वाजायला लागल्या. एकटीच हसले, आणि मग हसता हसता... असो.

गेल्या महिन्यातलं तुझ्या कानावर आलंच असेल. भरल्या सभागृहात आवाज फाटला, आणि हे माइकवर म्हणाले, 'माफ करा, बाईंचा हात चुकला.' मी उभी राहून हात जोडले. लोक म्हणाले, वय झालं बाईंचं. आयोजक म्हणाले, दुसरं कुणीतरी बघा. —हात चुकला नव्हता. बटण विसरलेही नव्हते. त्या दिवशी गाडीत, ड्रायव्हर, साउंडवाला, सगळ्यांच्या देखत मला म्हणाले, 'तुझं काय, तू नुसती बोटं चालवतेस, गातो मी.' नुसती बोटं! रंगमंचावर बसले, बटणाकडे बोट नेलं आणि मागे घेतलं. म्हटलं, गा. आज तुमच्या पट्टीत गा... अगं, त्यांचा चेहरा! माझ्याकडे वळून बघितलं तो चेहरा—रागावलेला नव्हता गं. घाबरला होता. जत्रेत पोराच्या हातातून बोट सुटावं तसा. सव्वीस वर्षांत मी कुणाचं वाईट केलं असेल तर ते त्या एका मिनिटात. आणि आता ते बटण माझ्या हातात नाही, तुझ्या हातात आहे, आणि बाहेर खुर्च्या भरत चालल्यात.

फसवणूक आहे, मान्य. शाळेत मुलांना शिकवतेस, तुला पटणार नाही. त्यांना सांगून टाका म्हणतेस? आता? पडदा वर जायला वीस मिनिटं असताना? मी सांगेन. शपथ घेऊन नाही सांगत, शपथा मी खूप मोडल्यात, पण सांगेन—घरी, दोघंच असताना, जेवण झाल्यावर. आजचा दिवस सांभाळ. पाया पडू? नाही तर नाही, पण मग निदान तीन तरी—नाही, तीनने नाही भागणार, सकाळी ऐकलंय मी त्यांना. चार. बघ, इथेच तर आहे ना तो आकडा? एवढासा चौकोन. मी हात लावत नाही. तुझा लॅपटॉप आहे, तूच—

'हॅलो' थांबलं. आले.

—काही नाही हो, सॉफ्टवेअरची किंमत विचारत होते. हो, गप्पाच. ...हो, मी प्रेक्षकांत बसते. पुढे नको, मागच्या रांगेत बसते, दाराजवळ, तिथे वारा असतो. ...पट्टी? मी काय सांगू, आता वाजवणारी ही आहे. तिलाच विचारा. —दे गं. सूर मागतायत ते. दे.

...

हं.

लागला की! वरचाही लागला. छान लागला हो. ...हो ना. ...नाही, मला कसला राग? बरोबरच बोलताय. सूर द्यावा तर असा. हात चांगला आहे हिचा. मी निघते, तुमची शाल खुर्चीवर ठेवलीय. —नको गं, तू उठू नकोस. बस तिथेच.